इंद्रधनुषी गोधडीचे रंग: आधी पिवळा, मग बाकीचे

शाळेत पाठ केलेलं ‘तानापिहिनिपाजा’ घेऊन कापडाच्या दुकानात गेलं की सात रंगांची सात कापडं मिळतात. पण ती शिवून इंद्रधनुष्य होत नाही, जत्रेतल्या पताकांची माळ होते. आकाशात नारिंगी कुठे संपला आणि पिवळा कुठे सुरू झाला हे बोट ठेवून दाखवता येत नाही. गोधडीत तोच भास आणायचा तर सातांच्या मधले जोडरंग लागतात, आणि ते फिकट-गडदाच्या चढउतारात नीट बसावे लागतात. पहिल्यांदा करणाऱ्यांची गोधडी फसते ती बहुतेक वेळा या चढउतारामुळे. रंग प्रत्येकाला कळतो. तो शेजारच्यापेक्षा किती गडद आहे, हे मात्र मुद्दाम पाहावं लागतं.

खाली सगळा हिशेब ४ फूट बाय ५ फूट गोधडीचा आहे. लहान मुलाच्या अंथरुणाला किंवा सोफ्यावर पायावर घ्यायला हे माप पुरतं, आणि पहिल्या कामाला एवढंच बरं.

आराखडा

शिवून झाल्यावर ४ इंचांचा दिसेल असा चौकोन धरा. चारही बाजूंना पाव-पाव इंच शिलाईत जातो, म्हणून कापायचा चौकोन साडेचार इंचांचा. आडवे १२ आणि उभे १५ चौकोन लावले की ४८ बाय ६० इंच होतात. एकूण १८० चौकोन.

रंग सरळ पट्ट्यांत न लावता एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरके सरकवायचे. अशा तिरक्या ओळी २६ होतात. दर दोन ओळींना एक छटा दिली तर १३ छटा लागतात. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते: तिरक्या मांडणीत सगळ्या रंगांना सारखं कापड लागत नाही. कोपऱ्यातल्या छटेचे अवघे ३ चौकोन, तर मधल्या छटेचे २४. सगळ्या रंगांचं पाव-पाव मीटर आणलं तर जांभळा पडून राहतो आणि पोपटीसाठी पुन्हा दुकान गाठावं लागतं. तोवर त्या लॉटमधलं कापड संपलेलं असतं आणि नव्या ताग्याची छटा किंचित वेगळी निघते.

पिवळ्यापासून का

सगळ्या रंगांत पिवळा मुळातच फिकट. कितीही भडक घेतला तरी तो जांभळ्याइतका गडद होत नाही. गडद करायला गेलं की मोहरी किंवा माती होते. उलट जांभळा फिकट केला तर लव्हेंडर होतो आणि त्याचा जोर जातो. म्हणून इंद्रधनुष्यात एक टेकडी आपोआप असते: डाळिंबीपासून चढत चढत पिवळ्यापर्यंत उजळ होत जायचं आणि पलीकडे उतरत जांभळ्यापर्यंत गडद. या टेकडीशी भांडू नका. शिखर आधी ठरवा, म्हणजे पिवळा आधी निवडा आणि दोन्ही बाजूंना एकेक पायरी गडद होत जा.

लिंबू पिवळा लखलखीत असेल तर बाकी सगळे रंग तितकेच तजेलदार हवेत. तो जुन्या साडीतला विटका, श्रीखंडी पिवळा असेल तर बाकीचेही धुऊन निवलेले घ्या. दोन्ही गोधड्या सुंदर होतात. धुतलेल्या जुन्या साड्यांच्या रंगात एकच कोरा, कडक पोपटी बसवला तर मात्र सगळी नजर तिकडेच जाते.

तेरा छटा, त्यांचे चौकोन आणि ३६ इंच पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं) कापड:

१. डाळिंबी: ३ चौकोन, तुकड्यातून भागेल
२. कुंकवाचा लाल: ७ चौकोन, १५ सेंमी
३. शेंदरी: ११ चौकोन, ३० सेंमी
४. नारिंगी, संत्र्याच्या सालीचा: १५ चौकोन, ४० सेंमी
५. हापूसच्या फोडीचा पिवळा: १९ चौकोन, ४० सेंमी
६. लिंबू पिवळा: २३ चौकोन, ५० सेंमी
७. पोपटी: २४ चौकोन, ५० सेंमी
८. केळीच्या पानाचा हिरवा: २३ चौकोन, ५० सेंमी
९. रामा, निळसर हिरवा: १९ चौकोन, ४० सेंमी
१०. मोरपंखी, निळ्याकडे झुकणारा: १५ चौकोन, ४० सेंमी
११. रॉयल ब्लू: ११ चौकोन, ३० सेंमी
१२. चिंतामणी: ७ चौकोन, १५ सेंमी
१३. जांभळा: ३ चौकोन, तुकड्यातून भागेल

एकूण साधारण ४ मीटर. ३६ इंच पन्ह्यात साडेचार इंचांचे ८ चौकोन कागदावर बसतात. पण दोन्हीकडची किनार काढून टाकावी लागते, म्हणून एका पट्टीतून ७ धरा. किनार घट्ट विणलेली असते, वेगळी आटते आणि शिवणीत घेतली तर चौकोन वाकडा होतो.

या यादीत आकाशी नाही, आणि ते मुद्दाम आहे. निळा म्हटलं की पहिला हात आकाशीवर जातो. पण तो मोरपंखीपेक्षा बराच फिकट, त्यामुळे उतरणीवर मध्येच दुसरी टेकडी उभी राहते. आकाशी हवाच असेल तर सगळी निळी-जांभळी बाजू फिकट करा, नाहीतर त्याला पाठीमागच्या अस्तरात जागा द्या.

‘पारवा’ मागताना जरा जपून. तानापिहिनिपाजातला पारवा म्हणजे निळ्या आणि जांभळ्याच्या मधला, नीळ पडलेल्या कपड्यासारखा. साड्यांच्या दुकानात पारवा म्हटलं की कबुतराच्या पाठीचा राखाडी पुढे येतो. आपल्याला हवा तो रंग चिंतामणीच्या आसपास सापडतो. तसंही न्यूटनने सुरुवातीला पाचच रंग मोजले होते. नारिंगी आणि हा पारवा त्याने नंतर घातले. त्यामुळे चिंतामणी मनासारखा मिळाला नाही तर निळ्यातून जांभळ्यात थेट उतरलात तरी चालतं, त्या छटेचे ७ चौकोन दोघांत वाटून टाका.

राणी रंग आकाशातल्या इंद्रधनुष्यात नसतो. तो जांभळ्यातून पुन्हा लालकडे नेणारा पूल आहे. गोल फिरणारी रंगमाळ करायची असेल तर तो लागतो. या तिरक्या मांडणीत लागत नाही.

कुठून आणायचं

सगळ्यात सोपी जागा म्हणजे मॅचिंग सेंटर. तिथे ब्लाऊजपीसचे गठ्ठे छटेप्रमाणे लावलेलेच असतात, त्यामुळे लाल ते शेंदरी ही उतरण शेल्फवरच दिसते. मीटरवर कापून मिळणारं पॉपलीन किंवा केंब्रिक पहिली पसंती. टू बाय टू रुबियात छटा खूप, पण कापड पातळ. ते घेतलं तर पुढे मधल्या थराची काळजी घ्यावी लागते. सॅटिन, क्रेप, खण या कामात नको. सॅटिन चमकतं आणि रंग बसल्या जागेवरून बदलतो. खणात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या; त्याची धूपछांव साडीवर शोभते, इथे मात्र चौकोन फिरला की छटा फिरते. शिवाय कडा उसवतात.

दुसरा साठा घरातच असतो: ओटीत आलेले ब्लाऊजपीस. त्यात हिरवा, लाल, पिवळा भरपूर निघतो, शेंदरी आणि मोरपंखी कमी. पण त्यातले बरेच मिश्र धाग्याचे असतात. कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. मणी झाला तर तो पीस बाजूला ठेवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, मिश्र तेवढं आटत नाही, आणि मग दोघांच्या शिवणीवर सुरकुत्या धरतात.

शिंप्याकडची कात्रणंही चालतात, फक्त चौकोन उभ्या-आडव्या धाग्यावर बसला पाहिजे. उरेब, म्हणजे धाग्याला तिरका कापला तर तो ओढला की लांबतो.

दुकानातल्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. तिथे जुळलेली दोन कापडं उन्हात वेगळी दिसतात, कारण दोन्हींत वेगळे रंग वापरलेले असतात आणि ते प्रत्येक उजेडात सारखे वागत नाहीत. कापड दारापाशी, दिवसाच्या उजेडात नेऊनच पाहा. खरेदी सकाळी किंवा दुपारी करा. संध्याकाळी सातनंतर घेतलेला चिंतामणी घरी येऊन जांभळा निघतो.

नावांच्या भरवशावरही राहू नका. एका दुकानातला रामा शेजारच्या दुकानात मोरपंखी म्हणून निघतो. पिवळ्या आणि हिरव्याचा बोटभर तुकडा पर्समध्ये ठेवा आणि प्रत्येक नवं कापड त्याच्याशेजारी धरून बघा. मोबाईलच्या पडद्यावर पाहून मागवायचं असेल तर मधले जोडरंग तरी मागवू नका. तिथेच सगळ्यात जास्त चुकतं.

लालमधला लाल

प्रत्येक रंगाला आतून एक झुकाव असतो. टोमॅटोचा लाल केशरीकडे झुकतो, डाळिंबी निळ्याकडे. दोघेही लालच. पण डाळिंबी नारिंगीला लावून बसवला तर दोघांत खटका उडतो. केशरट लाल नारिंगीच्या बाजूला, निळसर लाल टोकाला. हिरव्यातही तेच: पोपटी पिवळ्याच्या बाजूला, रामा निळ्याच्या. मेंदी, शेवाळी, विटकरी, मोहरी हे मातकट रंग स्वतंत्रपणे छान असले तरी तजेलदार रंगांच्या रांगेत एकटे पडतात आणि धुवायचे राहिल्यासारखे दिसतात.

झुकाव ओळखता येत नसेल तर एकाच रंगाची चार कापडं शेजारी ठेवा. एकटा लाल फक्त लाल दिसतो; चौघांत ठेवला की कोण केशरट आणि कोण निळसर ते लगेच कळतं. शेजारामुळे रंग बदलून दिसतो, याचा अनुभव गालिचे विणणाऱ्यांना फार पूर्वी आला होता. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगकाम सांभाळणाऱ्या मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा धागा मरगळलेला दिसतो अशी तक्रार आली होती. धाग्यात काही दोष निघाला नाही. दोष शेजारच्या रंगांचा होता. १८३९ मध्ये त्याने त्यावर सविस्तर ग्रंथ काढला. गोधडीपुरता त्याचा अर्थ एवढाच, की सुटं कापड हातात धरून निर्णय घेऊ नका. ते ज्यांच्याशेजारी बसणार त्यांच्यामध्ये ठेवून घ्या.

छापील कापड

पाचपासून नऊपर्यंतच्या छटांना बरेच चौकोन लागतात. तिथे एकच साधं कापड वापरलं तर ठोकळा दिसतो. त्या प्रत्येक छटेत दोन कापडं घ्या: एक साधं, एक बारीक छापाचं, म्हणजे गोधडी जिवंत वाटते. छाप निवडताना कापडापासून आठ-दहा फूट लांब जा आणि डोळे किलकिले करा. एकच रंग दिसला तर घ्या. हिरव्यावर पांढऱ्या टपोऱ्या बुट्ट्या असतील तर लांबून तो फिका पडतो आणि रांगेत भोकं दिसतात. हिरव्यावर गडद हिरवी वेल उत्तम. पिवळ्या कापडावर लाल फुलं असतील तर ते लांबून नारिंगीच. हवं तर चार किंवा पाच क्रमांकात वापरा.

मोठ्या छापाचं कापड घेण्याआधी एखाद्या पुठ्ठ्याला ४ इंचांची चौकोनी खिडकी कापा आणि कापडावर फिरवा. कुठे नुसतं फूल येईल, कुठे नुसती जमीन, ते तिथेच समजतं.

धुणं: हे टाळू नका

सगळी कापडं कापण्याआधी धुवा, प्रत्येक रंग वेगळा. डाळिंबी, लाल, रॉयल ब्लू आणि जांभळा यांचा रंग सर्वांत जास्त सुटतो, आणि तोच जाऊन लिंबू पिवळ्यावर बसतो.

पांढऱ्या वाडग्यात कोमट पाणी घ्या, कापडाचा कोपरा अर्धा तास बुडवा. पाणी रंगलं तर पुन्हा नवं पाणी. मग ओलाच कोपरा पांढऱ्या फडक्यात धरून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर डाग उमटला तर रंग अजून सुटतोय. तीन-चार धुण्यांनंतरही उमटत असेल तर ते कापड या गोधडीत घालू नका, कितीही आवडलेलं असो. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने बाजारातल्या रंगीत सुती कापडाचा सुटा रंग पक्का बसत नाही. तो धुऊन काढावाच लागतो.

वाळल्यावर इस्त्री करा, मग कापा. मापाला जुन्या एक्स-रे फिल्मचा साडेचार इंची चौकोन करून ठेवा. पुठ्ठ्याच्या कडा वीसेक चौकोनांनंतर झिजतात आणि माप हळूहळू कमी होत जातं. गडद कापडावर पांढरा खडू, पिवळ्यावर हलकी पेन्सिल. बॉलपेन नको, धुतल्यावर शाई पसरते.

दोन तपासण्या

प्रत्येक छटेचा एक चौकोन घ्या, तेराही एका ओळीत लावा आणि मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढा. एकच टेकडी दिसली पाहिजे: दोन्ही टोकांना गडद, लिंबू पिवळ्यापाशी जवळजवळ पांढरं. मध्येच कुठे उजळ ठिपका उठला तर ते कापड शेजाऱ्यांपेक्षा फिकट आहे. खड्डा पडला तर जास्त गडद. लाल आणि हिरवा फोटोत सारखेच राखाडी दिसले तर घाबरू नका, ते टेकडीच्या दोन उतारांवर समोरासमोर आहेत. सहसा खड्डा पडतो तो केळीच्या पानाच्या हिरव्यात, कारण दुकानात बाटलीसारखा गडद हिरवा चटकन हाती लागतो.

दुसरी तपासणी: चौकोनांच्या पाठीला क्रमांकाची चिठ्ठी टाचा, पत्त्यांसारखे पिसा आणि दुसऱ्या दिवशी क्रम न बघता पुन्हा लावा. ज्या दोघांचा क्रम उलटा लागला ते एकमेकांच्या फार जवळ आहेत, त्यातला एक बदला. रॉयल ब्लू, चिंतामणी आणि जांभळा इथे बहुतेक वेळा अडकतात. गडद असल्यामुळे रात्री तिघेही काळे दिसतात. चिंतामणी थोडा उजळ घेतला की तिघे सुटे होतात. उतरणीत एवढी सूट चालते.

मांडणी

भिंतीवर जुनं लोकरीचं ब्लँकेट टांगा. सुती चौकोन त्याला टाचणीशिवाय चिकटून राहतात. वरच्या डाव्या कोपऱ्यात डाळिंबीचा १, पुढच्या तिरक्या ओळीत डाळिंबीचे २, मग लालचे ३ आणि ४, असं खाली उजवीकडे जा. बारा चौकोनांच्या ओळी मध्ये चार येतात, नंतर पुन्हा एकेक कमी होते. साधं आणि छापील कापड एकाच ओळीत आलटून पालटून बसवा. सगळं छापील एका बाजूला साचू देऊ नका.

फोटो काढा आणि तो उलटा करून पाहा. चुकीचा चौकोन लगेच टोचतो. मग आडव्या ओळी एकेक करून उचला, डाव्या बाजूच्या चौकोनावर १ ते १५ क्रमांकाची चिठ्ठी टाचा आणि एकावर एक रचून ठेवा. ओळी शिवताना शिवणीची दाब नेहमी गडद चौकोनाकडे पाडा. पोपटीची शिवण लिंबू पिवळ्याखाली गेली तर वरून हिरवट रेघ दिसते.

रंग बिघडवणाऱ्या मागच्या गोष्टी

मधल्या थराला जुनं पांढरं धोतर किंवा मलमल, दोन पदर. रंगीत साडी मध्ये घातली तर तिची बुट्टी पिवळ्यातून आणि रुबियातून आरपार दिसते. अस्तराला एक जुनी सुती साडी पुरते: ६४ इंचांचे दोन तुकडे मध्ये जोडून ५२ बाय ६४ इंच काढा, चारही बाजूंना दोन-दोन इंच जास्तीचे राहतात. तिचाही रंग सुटत नाही ना ते वाडग्यात पाहूनच घ्या.

धावदोऱ्यासाठी फिकट राखाडी दोरा घ्या. पांढरा जांभळ्यावर ओरडतो, लाल पिवळ्यावर. राखाडी सगळ्यांत मिसळतो. टाके दिसायलाच हवे असतील तर पांढराच, पण मग ओळी बोटभर अंतरावर सारख्या ठेवाव्या लागतात, कारण प्रत्येक वाकडा टाका दिसतो. लांब नेढ्याची सुई, बोटात अंगुस्तान, आणि बाहेरून सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे, जशी आपल्याकडे गोधडी घालतात तशी.

गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला, रॉयल ब्लू किंवा राखाडी. पिवळा गोट सगळी नजर कडेला ओढतो. अडीच इंचांच्या सात पट्ट्या लागतात, म्हणजे ३६ इंच पन्ह्याचं अर्धा मीटर. घेर २१६ इंच आणि कोपऱ्यांना थोडं वर. छटा ११ साठी रॉयल ब्लू घेतानाच हे अर्धा मीटर त्याच ताग्यातून कापून घ्या.